कॅडेट मरत का नाहीत? एका प्रतिक्रियेला (जरा लांबलेलं) उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली आणि खरं सांगायचं तर आधी चिडलोच, मग परत वाचली, मग कॅल्क्युलेटर काढून बसलो, आणि आता उत्तर लिहायला घेतलंय तर ते लांबणार हे दिसतंच आहे.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. यांचं म्हणणं, माझ्या कथामालिकेतली स्पेस स्टेशनवरची कमांडो अकादमी "सहलीला निघालेल्या कॉलेजसारखी" आहे. दोनशेतले दीडशे कॅडेट गळले पण मेला एकही नाही, ज्याला झेपत नाही तो हिरवं बटण दाबतो आणि त्याला गरम जेवण देऊन पुढच्या यानाने घरी पाठवतात, अशी कुठे एलिट फोर्स बनते का? शिवाय पोरं सहा-सात वर्षांची असतानाच उचलायला हवीत. शिवाय एआय आणि ड्रोन असताना माणसं हवीतच कशाला. पाण्याच्या टाकीतला अख्खा भाग बोअर आहे. आणि जाता जाता, रिंगमधली शर्यत चुकलीये.

शर्यतीपासून सुरू करतो, कारण तिथे तुम्ही बरोबर आहात आणि मी तोंडावर आपटलोय. माझ्या स्टेशनची रिंग, म्हणजे माणसं जिच्या काठावर आतून चालतात ते फिरणारं मोठं कडं, 224 मीटर त्रिज्येची, मिनिटाला दोन फेरे, म्हणजे काठावर पृथ्वीइतकंच वजन जाणवतं, इथपर्यंत गणित ठीक होतं. पण काठाचा वेग भरतो सेकंदाला साधारण 47 मीटर, आणि माझे कॅडेट पळतायत सेकंदाला पाच मीटरने. रिंग फिरते त्या दिशेला पळालं की हे पाच त्यात मिळतात, उलट दिशेला पळालं की वजा होतात, आणि जाणवणारं वजन वेगाच्या वर्गाने बदलतं. त्यामुळे सत्तर किलोच्या कॅडेटला एका दिशेने पळताना आपण 86 किलोचे झालोय असं वाटेल आणि दुसऱ्या दिशेने 56 किलोचे! आणि मी दोन टीम दोन दिशांना सोडून फोटोफिनिश दाखवलाय. चूक मान्य. गंमत म्हणजे त्याच भागात दोन मीटरवरून सोडलेला पाना सरळ खाली न पडता वीसेक सेंटिमीटर मागे पडतो हे मी नीट हिशोब करून लिहिलं होतं, तिथे कोरिओलिस (फिरत्या जागेत सुटी वस्तू बाजूला सरकल्यासारखी दिसते तो परिणाम) आठवला आणि शर्यतीत वेगाचं साधं गणित विसरलो.

आता मरण्याचा मुद्दा. इथे मात्र मी मागे हटणार नाही.

आपल्या डोक्यात बसलंय की ट्रेनिंग जितकं जीवघेणं तितकी फोर्स भारी. पण खरी सिलेक्शन्स बघा ना. अमेरिकन नेव्ही सील, म्हणजे त्यांच्या नौदलाचे कमांडो, त्यांच्या सिलेक्शनमधला हेल वीक घ्या, साडेपाच दिवस, त्यात एकूण झोप चार तासांच्या आसपास, थंड पाणी, वाळू, डोक्यावर बोटी, तीनशेहून जास्त किलोमीटरची पळापळ. भयंकर आहे, वादच नाही. पण तिथे एक पितळी घंटा लावलेली असते. तीनदा वाजवली की सुटका. बहुतेक जण स्वतःच्या पायाने चालत जाऊन ती वाजवतात, आणि सगळं सिलेक्शन त्या घंटेभोवती फिरतं असं मला वाटतं. इन्स्ट्रक्टरला शोधायचा असतो असा माणूस, ज्याला गरम कॉफी आणि कोरडी चादर वीस पावलांवर दिसतेय, कुणी अडवत नाहीये, आणि तरी तो पाण्यात बसून राहतो. दार बंद केलंत तर आतले सगळेच राहतील, कारण जाणार कुठे? मग चिवट कोण आणि नुसता अडकलेला कोण हे कळायचं कसं? माझं हिरवं बटण आणि गरम जेवण तिथून आलंय. ते जेवण दया म्हणून ठेवलेलं नाही हो, आमिष आहे ते! तिसऱ्या भागात त्याचा वास मुद्दाम कॅडेटांच्या व्हेंटिलेशनमध्ये सोडतात, हे तुमच्या नजरेतून सुटलं बहुतेक.

आणि लोक मरतच नाहीत असं मी म्हणत नाहीये. जुलै 2013 मध्ये वेल्सच्या ब्रेकन बीकन्स डोंगरांत एसएएस या ब्रिटिश कमांडो फोर्सच्या सिलेक्शन मार्चवर उन्हाने तीन राखीव सैनिक गेले. पण त्यावर सैन्यात कुणी "बघा आमचं सिलेक्शन किती कडक" म्हणून मिरवलं नाही, चौकशी झाली आणि निष्काळजीपणाचा ठपका आला. 2022 मध्ये हेल वीक पूर्ण केल्यावर काही तासांतच एक उमेदवार न्यूमोनियाने गेला, त्यानंतर तिथली मेडिकल देखरेख वाढवली. म्हणजे खऱ्या जगात मेलेला उमेदवार हे सिस्टिमचं अपयश असतं. मग पृथ्वीवरून कक्षेत माणूस चढवायचा खर्च करायचा, वर्षभर शिकवायचं, आणि मग "दुबळा होता" म्हणून एअरलॉकच्या दारातून अंतराळात फेकायचं? हा क्रूरपणा आहे की निव्वळ भिकार हिशोब? माझ्या कथेतला कमांडंट क्रूर आहेच, पण बिनडोक नाहीये.

मारहाणीबद्दल पण एक. शत्रूच्या तावडीत सापडल्यावर काय करायचं याचं ट्रेनिंग घेणाऱ्या पाचशेवर अमेरिकन सैनिकांवर एक अभ्यास झाला होता, 2004 मध्ये छापून आला. खोट्या चौकशीला अर्ध्या तासावर बसवलं, आणि दुसऱ्या दिवशी विचारलं की तुमची चौकशी करणारा यातला कोण. ज्या चौकशीत धक्काबुक्की होती तिथला माणूस ओळखण्यात, नुसत्या बोलण्याच्या चौकशीपेक्षा, जास्त चुका झाल्या. समोर, उजेडात, अर्धा तास बघितलेला चेहरा! आणि माझ्या कमांडोंचं मुख्य काम आहे दुसऱ्याच्या यानात घुसून तिथली मांडणी लक्षात ठेवून परत येणं. त्यांना रोज तुडवून मी नक्की काय कमावणार?

लहान मुलांचा मुद्दा तुमचा सगळ्यात वजनदार आहे, त्यावर मी सगळ्यात जास्त घुटमळलोय. इतिहास तुमच्या बाजूने आहे. स्पार्टात सातव्या वर्षी मुलगा घरातून उचलायचे, ऑटोमन सुलतान ख्रिश्चन घरांतली पोरं नेऊन त्यांचे जॅनिसरी बनवायचे, आणि दोन्ही फौजांचा दरारा होता. पण सात वर्षांच्या पोराला घंटा वाजवता येत नाही. म्हणजे हात पोचेल, पण वाजवून जाणार कुठे, घर म्हणजे काय हेच तुम्ही पुसून टाकलेलं असतं. मग तुम्ही निवड करतच नाही, फक्त उत्पादन करता. आणि जॅनिसरींचा शेवट बघा, ज्या सुलतानासाठी बनवले त्यालाच पदावरून खेचायला लागले, 1826 मध्ये सुलतानाला तोफा लावून त्यांना संपवावं लागलं. त्या मार्गाने पण गोष्ट होईल, भारीच होईल, पण ती माझी नाही. मला पंचविशीतली बाई हवी होती जिला रोज सकाळी घरी जाता येतं आणि जी जात नाही.

एआयचं पटकन सांगतो. ड्रोन आहेतच कथेत. पण मंगळापर्यंत सिग्नल जायला एका बाजूने तीन ते बावीस मिनिटं लागतात, दार फोडायचं की नाही याचं उत्तर यायला पाऊण तास जाऊ शकतो. तो निर्णय जागेवर कुणाकडे द्यायचा यावर माझ्या जगातल्या सरकारांनी करार केलाय, तो सहाव्या भागात येतोय, आत्ता फोडत नाही.

टाकी बोअर झाली असेल तर तो माझ्या लिहिण्याचा दोष, टाकीचा नाही. ह्यूस्टनला अंतराळवीरांच्या वजनहीन सरावासाठी नासाचा जो तलाव आहे तो 62 मीटर लांब आणि 12 मीटर खोल आहे, कारण विमानाने वर-खाली झेपा घेऊन मिळणारं वजनहीनपण वीस-पंचवीस सेकंदात संपतं आणि तेवढ्यात एक बोल्ट पण धड फिरवून होत नाही. पाण्यात तासन्‌तास मिळतात. पण पाणी एका बाबतीत खोटं बोलतं, ढकललेली वस्तू तिथे थांबते. बाहेर अंतराळात ती थांबतच नाही. माझी नायिका टाकीत पहिली येते आणि बाहेर पहिल्याच दिवशी जोडीदाराला जरा जोरात ढकलते, तो भाग टाकीशिवाय उभाच राहिला नसता.

तर चौथा भाग आज रात्री बदलतोय. रिंगच्या दिशेने पळणारी टीम आता मागे पडणार, म्हणजे नायिकेची टीम हरणार, म्हणजे पाचव्या भागात कॅप्टनपद तिच्याकडे राहत नाही. पाचवा आणि सहावा लिहून तयार होता हो. त्याबद्दल मात्र तुमच्यावर थोडा राग आहे.