ट्रीबियर्ड झाड नव्हे, राखणदार

टोल्किनच्या ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा, म्हणजे कादंबरीचा नि तिच्यावरच्या चित्रपटांचा, विषय निघाला की एक मजकूर हटकून फिरायला लागतो. त्याचा आशय असा: ट्रीबियर्ड म्हणजे संगणकावर काढलेलं एक बोलकं झाड, त्याच्या जातीचे हे एंट इतके मठ्ठ, की आपलं रान तोडलं जातंय याचाही त्यांना पत्ता नव्हता, बुटक्या हॉबिट जमातीतल्या पिपिनने शक्कल लढवली म्हणून लढले, आणि हे सगळं टोल्किनने कारखानदारीवर लिहिलेलं रूपक. वाचायला चटपटीत आहे. यातलं अर्धं विधान खरं आहे, तेवढं सोडलं तर बाकी काही टिकत नाही.

आधी झाडाचं बघू. ‘एंट’ हा शब्द टोल्किनने जुन्या इंग्रजीतून उचलला. तिथे त्याचा अर्थ महाकाय पुरुष, राक्षस असा होतो. ओसाड पडलेल्या जुन्या दगडी बांधकामांना त्या काळचे कवी ‘एंटांची करणी’ म्हणत. झाडाचा त्यात कुठे संबंध नाही. पुस्तकातला ट्रीबियर्ड चौदा फूट उंच, माणसासारख्या बांध्याचा, पायाला सात-सात बोटं असलेला आहे. त्याचं काम झाडांची राखण. धनगर जसा मेंढरांमागे राहून राहून थोडा मेंढरांसारखा होतो, तसे एंट झाडांसारखे झालेत. काही तर इतके, की पेंगता पेंगता मुळं धरायच्या बेतात आलेत. आपल्याकडे कोकणात देवराईला राखणदार असतो ना, मला मराठीत त्याहून चपखल शब्द सुचत नाही. (लगेच ‘म्हणजे कल्पना आपलीच’ असा नवा मजकूर कुणी काढू नये. मी फक्त शब्दाबद्दल बोलतोय.)

आणि त्याचे डोळे. पिपिनला पुढे कायम आठवत राहतात ते डोळेच. खोल विहिरीसारखे, आत युगायुगांच्या आठवणी साठलेल्या, वर मात्र आत्ताचा उजेड हलतोय. जमिनीत वाढणारं काहीतरी एकदम जागं झालं आणि शांतपणे आपल्याला न्याहाळू लागलं, असं त्याला वाटतं. जो असा बघतो, त्याला नुसतं ‘बोलकं झाड’ म्हणून कसं चालेल?

संगणकाचं विधान अर्धं खरं. 2002 च्या ‘द टू टॉवर्स’मध्ये चालणारा, दगड भिरकावणारा ट्रीबियर्ड संगणकावरचाच आहे, आणि त्याची एकेक फ्रेम तयार व्हायला 28 ते 48 तास लागत. सेकंदाला चोवीस फ्रेम, हिशोब तुम्हीच करा. पण पिपिन आणि त्याचा हॉबिट दोस्त मेरी ट्रीबियर्डच्या अंगाखांद्यावर बसून बोलतात, त्या दृश्यांसाठी चौदा फुटी यांत्रिक बाहुला बांधला होता. त्याच्या हातात सायकलच्या सीट लपवल्या होत्या आणि त्यांवर या दोघांच्या भूमिका करणारे डॉमिनिक मोनाहन व बिली बॉइड बसत. बाकीची मंडळी मधल्या सुट्टीत गेली की हे दोघे तिथेच, बाहुल्याच्या हातात. आवाजही माणसाचाच. त्याच चित्रपटात गिमलीची भूमिका करणारे जॉन ऱ्हिस-डेव्हिस लाकडी कर्ण्यातून बोलले. पुस्तकातलं ते ‘हूम, हृम’ घुमणं टोल्किनने आपला मित्र सी. एस. लुईस याच्या भरदार आवाजावरून घेतलं होतं.

आता मठ्ठपणा. इथे दोष मजकूर लिहिणाऱ्याचा कमी आणि चित्रपटाचा जास्त आहे. चित्रपटात एंटांची सभा भरते, बराच वेळ घालवून ‘तुम्ही ऑर्क (शत्रूचे राक्षसी सैनिक) नाही’ एवढ्यावर एकमत होतं आणि शेवटी ‘हे आमचं युद्ध नाही’ असा निकाल लागतो. मग पिपिन ट्रीबियर्डला दक्षिणेकडून न्यायला लावतो, समोर तोडलेल्या झाडांचे खुंट दिसतात आणि म्हातारा पेटून उठतो. दृश्य जबरदस्त आहे, माझ्याही अंगावर काटा येतो. पण त्याच चित्रपटात आधी सारुमान या दुष्ट जादूगाराच्या आयझेनगार्ड गडाकडचा धूर बघून हाच म्हातारा म्हणतो, की सारुमानचं मन आता धातूचं आणि चाकांचं झालंय. धूर दिसतो आणि शिवेवरची तोड दिसत नाही, असा राखणदार असतो का?

पुस्तकात असं काही नाही. बी रुजल्यापासून ओळखीची असलेली झाडं गेली, हा त्याचा आक्रोश चित्रपटात खुंटांसमोर येतो. पुस्तकात तो सभेच्या आधी येतो. त्याला सगळं माहीत आहे. सारुमान पूर्वी रानात यायचा, गोड बोलून माहिती काढायचा आणि स्वतः काही सांगायचा नाही, हेही त्याला आठवतं. आपण आळसावलो, दुर्लक्ष केलं, अशी कबुली तो स्वतः देतो. म्हणजे ठपका ठेवायचाच असेल तर आळसाचा ठेवा, मठ्ठपणाचा नको. सभा तिसऱ्या दिवशी संपते आणि एंट आपल्या निर्णयाने, गात, आयझेनगार्डवर चालून जातात. क्विकबीम नावाचा तरुण एंट तर सभेत बसतही नाही. ऑर्कांनी त्याची रोवनची झाडं पाडली होती, त्याचं ठरून गेलेलं असतं.

राहिलं रूपक. आपल्याला रूपककथा आवडत नाही, असं टोल्किनने दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत स्वच्छ लिहून ठेवलंय. त्याला झाडं आवडत. शेजारचा एक मोठा पॉप्लर मालकाने छाटून विद्रूप केला, याचंही त्याला दुःख होतं. 1972 मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, त्याने ‘डेली टेलिग्राफ’ला पत्र पाठवून सांगितलं, की माझ्या सगळ्या लिखाणात मी झाडांची बाजू घेतो, त्यांच्या सर्व शत्रूंविरुद्ध. सर्व शत्रूंत कारखाना आला, तशी मालकाची कुऱ्हाडही आली.

शिवाय एक जुना रागही होता. शाळेत शेक्सपिअरचं ‘मॅकबेथ’ वाचताना बर्नमचं रान डन्सिनेनच्या किल्ल्यावर चालून येणार म्हणून हा मुलगा सरसावून बसला, आणि निघालं काय, तर फांद्या हातात धरलेले सैनिक. त्याची खरीखुरी चिडचिड झाली. झाडं खरंच युद्धाला निघतील अशी गोष्ट लिहायची, हे तेव्हापासून डोक्यात होतं. ती झाडं म्हणजे ह्युओर्न, एंटांच्या राखणीतली. चित्रपटगृहात लागलेल्या आवृत्तीत ती नाहीत. एक्स्टेंडेड आवृत्ती लावा: हेल्म्स डीपच्या लढाईतून पळणारे ऑर्क रानात शिरतात, फांद्या सळसळतात, किंकाळ्या येतात, आणि बाहेर कुणीच येत नाही.