‘लायनर कधी हातात घेतलाय का?’: एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रिय वाचक (नाव लिहायची तसदी आपण घेतलेली नाही, म्हणून एवढंच),

‘गॅस टर्बाइनच्या ज्वलनकक्षात पायलटचं इंधन कमी केलं की नॉक्स उतरतं’ या माझ्या लेखातल्या वाक्यावर (पायलट म्हणजे मुख्य ज्वाला तेवत ठेवणारी छोटी ज्वाला, नॉक्स म्हणजे नायट्रोजनची प्रदूषक ऑक्साइडं) आपले तीन आक्षेप. तापमानाचं एकक चुकलंय. पायलट उतरवल्यावर ज्वाला गुरगुरते, म्हणजे कक्षातला दाब स्पंदू लागतो, त्यावर मी गप्प आहे. आणि लायनरबद्दल, म्हणजे ज्वलनकक्षाच्या आतल्या धातूच्या नळकांड्याबद्दल, आपल्याच शब्दांत, ‘लेखकाने लायनर कधी हातात तरी घेतलाय का?’

पहिला मान्य. १८०० पुढे केल्व्हिन हवं होतं, सेल्सिअस पडलं. दुरुस्त केलंय, आभार.

आता लायनर. घेतलाय साहेब, आणि एकदा नव्हे. शटडाउनमध्ये बाहेर काढलेला लायनर आडवा ठेवून, आत डोकं घालून, बॅटरीच्या उजेडात तासन्‌तास पाहिलाय. सिरॅमिकचा लेप नखाएवढा उडालेला, खालचा धातू काळवंडलेला, थंड हवेच्या एका छिद्रापासून शेजारच्या छिद्रापर्यंत केसासारखी भेग. मागच्या टोकाला स्प्रिंग सील बसतं तिथे तर घासून घासून चकचकीत पट्टा पडला होता. बोट फिरवलं की खाच लागायची. हे पुस्तकात वाचून लिहिता येत नाही.

आता आपण म्हणाल, तो पट्टा त्या गुरगुरीनेच पडला. असेलही. उष्णता नेमकी दाब चढलेला असतानाच सुटत राहिली की दाबाची लाट वाढत जाते, हे भौतिकशास्त्रज्ञ रॅलेने एकोणिसाव्या शतकातच सांगून ठेवलंय. मला नव्याने शिकवायची गरज नाही. पण माझा लेख नॉक्सवर होता. पायलटची ज्वाला हवेत आधी न मिसळलेल्या इंधनाची, म्हणून स्थानिक तापमान चढतं आणि नॉक्स तिथेच बनतं. बाकीचं मिश्रण इतकं पातळ असतं की त्याला विझू न देण्याचं काम तीच करते. म्हणूनच मी ‘कमी करा’ लिहिलं, ‘बंद करा’ नाही. वाचताना चष्मा लावत असाल तर दिसेल. किती कमी, हे प्रत्येक यंत्रावर, प्रत्येक लोडला दाबाची स्पंदनं मोजत ठरवायचं असतं. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे, सवडीने लिहीन.

मतभेद जरूर असावेत, पण ‘तरी’ हा शब्द कशाला? तेवढा गाळला असता तर हे उत्तर दोन ओळींत आटोपलं असतं.

आणि हो, मोठ्या मशीनचा लायनर हातात घेत नाहीत. दोघांनी मिळून धरावा लागतो.