‘बॅक बटण बंद करा’ या सल्ल्याचा प्रतिवाद

वेब ॲप बनवणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांतून एक सल्ला पुन्हा पुन्हा फिरत असतो. सिंगल-पेज ॲपमध्ये, म्हणजे एकदा उघडलेल्या पानातच मजकूर बदलत राहणाऱ्या ॲपमध्ये, पान एकच असते, त्यामुळे ब्राउझरच्या बॅक बटणाला तिथे अर्थ उरत नाही. ते चालू ठेवले तर भरलेली माहिती जाते किंवा एकच नोंद दोनदा होते. बँकासुद्धा ते दाबू देत नाहीत. तेव्हा सर्व ब्राउझरांत चालणाऱ्या कोडच्या चार ओळी टाकून ते बंद करावे आणि ॲपमध्ये स्वतःचे ‘मागे’ बटण द्यावे, असा त्याचा आशय आहे. त्या चार ओळी पान उघडताच ब्राउझरच्या हिस्टरीत एक जादा नोंद घालतात आणि कोणी मागे गेले की पॉपस्टेट घटना (हिस्टरीत मागे-पुढे गेल्याची ब्राउझरने ॲपला दिलेली सूचना) पकडून तीच नोंद पुन्हा घालतात, म्हणजे माणूस आहे तिथेच अडकून राहतो.

सांगलीतील एका शीतगृहाचे बेदाण्याच्या आवक-जावकीचे ॲप दुरुस्तीसाठी माझ्याकडे आले, तेव्हा त्यात याच चार ओळी होत्या. तासगाव, जत, कवठेमहांकाळ या भागांतून आलेल्या मालाचे लॉट त्यात नोंदवले जात. तिथले दिवाणजी फोनवर लॉटची यादी खाली सरकवत एखादा लॉट उघडत आणि सवयीप्रमाणे मागे येऊ पाहत, पण पडदा जागचा हलत नसे. त्यांनी तीन-चार वेळा तसे केल्यावर ॲपच बंद करून पुन्हा उघडल्याचे मी शेजारी बसून पाहिले. त्यामुळे या सल्ल्यातील प्रत्येक मुद्दा तपासून पाहणे मला आवश्यक वाटते.

‘पान एकच असते’ हे विधान फक्त सर्व्हरच्या बाजूने खरे आहे. दिवाणजींच्या दृष्टीने यादी ही एक जागा आहे, लॉटचा तपशील ही दुसरी आणि जावक पावती ही तिसरी. ब्राउझरची हिस्टरी म्हणजे त्यांनी चाललेल्या वाटेची नोंद आहे आणि ती खरी ठेवणे हे ॲपचे काम आहे. पुशस्टेट आणि रिप्लेसस्टेट ही साधने 2010 च्या सुमारास ब्राउझरांत येऊ लागली ती याच कामासाठी: पान नव्याने न मागवता पत्ता बदलता यावा आणि मागे गेल्यावर पूर्वीची स्थिती उभी करता यावी. पुशस्टेट हिस्टरीत नवी नोंद घालते, रिप्लेसस्टेट सध्याचीच नोंद बदलते. नवी जागा उघडली तर पुशस्टेट वापरावे. त्याच जागेवर चाळणी (फिल्टर) बदलली, शोधचौकटीत आणखी एक अक्षर टाइप झाले, तर रिप्लेसस्टेट वापरावे. हा फरक न पाळल्यामुळे ‘द्राक्षमणी’ हा शब्द पुसायला कितीतरी वेळा मागे जावे लागते, आणि मग दोष बॅक बटणाला दिला जातो.

माहिती जाण्याची आणि दुबार नोंदीची भीती मात्र खोटी नाही. दोनशे बॉक्सची आवक दोनदा चढली तर शेतकऱ्याचा आणि शीतगृहाचा हिशेब जुळत नाही, आणि त्यातून होणारा वाद फार कटू असतो. परंतु ही नोंद बॅक बटणामुळे दोनदा होत नाही. माणूस मागे येतो, भरलेला फॉर्म तसाच पाहतो, नोंद झाली की नाही याची त्याला खात्री वाटत नाही आणि तो ‘जतन करा’ पुन्हा दाबतो. बॅक बंद केले तरी नेटवर्क रेंगाळल्यावर तोच माणूस तेच बटण दोनदा दाबणार आहे. म्हणून फॉर्म उघडतानाच त्याला एक स्वतंत्र क्रमांक द्यावा आणि तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर सर्व्हरने नवी नोंद न करता आधीचीच पावती परत द्यावी. जतन झाल्यावर फॉर्मची हिस्टरीतील नोंद रिप्लेसस्टेटने पावतीच्या पत्त्याने बदलावी, म्हणजे मागे गेल्यावर भरलेला फॉर्म समोर येतच नाही. अर्धवट भरलेली माहिती सेशन स्टोरेजमध्ये (ब्राउझरमधील तात्पुरत्या साठ्यात) मसुदा म्हणून ठेवली की ती मागे-पुढे केल्याने जात नाही आणि ‘खरोखर बाहेर पडायचे का?’ असे विचारण्याची वेळही क्वचितच येते. तो प्रश्न विचारणे तसेही कठीण आहे, कारण पॉपस्टेट घटना रद्द करता येत नाही. ती घडते तेव्हा पत्ता आधीच बदललेला असतो. आणि पान सोडताना इशारा देणारी बिफोरअनलोड ही घटना ॲपच्या आतल्या हालचालीत घडतच नाही.

बँकांच्या उदाहरणाला फार वेळ देण्याची गरज नाही. पैशांच्या व्यवहारात बॅक दाबल्याने संशय आला की सत्र (लॉगिन) संपवणे हा सर्व्हरचा सुरक्षिततेसाठी घेतलेला निर्णय असतो. लॉटची यादी चाळण्याला तो नियम लावण्याचे कारण नाही.

शिवाय त्या चार ओळी सर्वत्र चालतात हा दावाही टिकत नाही. वापरणाऱ्याने पानाला स्पर्शही केलेला नसताना घातलेल्या अशा नोंदी बॅक बटण दाबल्यावर ओलांडून जाण्याची व्यवस्था क्रोमने 2019 मध्ये आणली, ती लोकांना पानावर अडकवून ठेवणाऱ्या संकेतस्थळांना आवर घालण्यासाठीच. म्हणजे पान उघडून लगेच मागे जाणारा सुटतो आणि ॲपमध्ये खरोखर काम करणारा तेवढा अडकतो.

राहिला ॲपमधील ‘मागे’ बटणाचा पर्याय. असे बटण असावे, पण ते बॅकची जागा घेऊ शकत नाही. 2019 च्या अँड्रॉइड 10 पासून अनेक फोनांवर पडद्याच्या कडेवरून बोट आत ओढणे म्हणजेच मागे जाणे झाले आहे, आणि एका हातात वजनाची चिठ्ठी असलेला माणूस वरच्या कोपऱ्यातील बाण शोधत बसत नाही. बहुतेक ॲपांत हे बटण यादीला पुशस्टेटने पुन्हा हिस्टरीत घालते. मग यादी, लॉट, पुन्हा यादी असा क्रम होतो. ब्राउझरचे बॅक दाबले की परत लॉट दिसतो, आणि मागे जाणारा माणूस गोल फिरू लागतो. बटणाने हिस्टरीतच एक पाऊल मागे जावे. फक्त व्हॉट्सॲपवरील दुव्यातून थेट लॉटवर आलेल्या माणसासाठी, मागे ॲपचे पाऊलच नसल्याने, सध्याची नोंद यादीच्या पत्त्याने बदलावी. पडद्यावर उघडणाऱ्या छोट्या चौकटींचेही (पॉपअप) असेच आहे. फोनवर लोक चौकट बंद करायला मागे जातात, म्हणून ती उघडताना हिस्टरीत नोंद घालावी, आणि फुलीने बंद केल्यास ती नोंद हिस्टरीत मागे जाऊन उतरवावी.

‘हे सगळे रूटर पाहून घेतो’ असे काही जण यावर म्हणतात. रूटर म्हणजे ॲपच्या कोडमधला असा भाग, जो पत्ता आणि पडदा यांची जोडी जुळवतो. पण यादी कुठवर सरकवली होती, हे अनेकदा त्याच्या हातून निसटते. मागे आल्यावर यादी सर्व्हरवरून पुन्हा मागवली जात असेल, तर ब्राउझर जागा पूर्ववत करू पाहतो तेव्हा पानाला तेवढी उंचीच नसते, आणि माणूस साठाव्या लॉटवरून पहिल्यावर फेकला जातो. शीतगृहाच्या ॲपमध्ये मी आलेली यादी स्मृतीत ठेवली, स्क्रोल रिस्टोरेशन (सरकवलेली जागा पूर्ववत करणे) ‘मॅन्युअल’ केले, म्हणजे ते काम ब्राउझरकडून ॲपकडे घेतले, आणि यादी पडद्यावर उमटल्यानंतरच जुनी जागा लावली. त्या चार ओळी काढून टाकल्या. आता दिवाणजी लॉट पाहून बोट कडेवरून आत ओढतात आणि त्याच लॉटवर परत येतात, जिथून पुढचा लॉट एका बोटाच्या अंतरावर असतो.