मोबाईलवर दोन तास बसतो, मग अभ्यासातच कसं लक्ष लागत नाही?

पालकांच्या ग्रुपवर एक मजकूर सतत फिरत असतो. त्याचा गोषवारा असा: डिस्लेक्सिया (वाचन-लेखनातली अडचण), एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) हे औषध कंपन्यांनी काढलेलं खूळ आहे, आमच्या वेळी असलं काही नव्हतं. मोबाईलवर दोन तास बसणाऱ्या मुलाचं लक्ष लागत नाही कसं? चुकलेला शब्द दहा-दहा वेळा लिहून घ्या. तरी नाही आलं तर थांबा, मोठं झालं की येतं. पण तपासणी करून मुलावर शिक्का मारून घेऊ नका.

‘आमच्या वेळी नव्हतं.’ होतं. १८९६ साली प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरांनी १४ वर्षांच्या एका मुलाबद्दल लिहिलं. मुलगा हुशार, गणितात बरा, पण स्वतःचं नावसुद्धा अक्षरं उलटसुलट करून लिहायचा. अतिचंचल मुलांवर इंग्रज बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांची व्याख्यानं १९०२ची, आणि एडीएचडीसाठी वापरलं जाणारं मेथिलफेनिडेट हे औषध पहिल्यांदा तयार झालं १९४४ मध्ये. डिस्लेक्सियावर तर गोळीच नाही. मग तो कोणत्या कंपनीने कशासाठी काढला?

‘मोबाईलवर बसतो की.’ बसणारच. खेळात दर काही सेकंदांनी गुण, आवाज, नवी पातळी असं काहीतरी हाती लागतं. एडीएचडीत लक्ष नसतंच असं नाही. ते कंटाळवाण्या कामाकडे वळवणं आणि तिथे टिकवणं जमत नाही. म्हणून निदान करताना पाहतात ते वेगळं. डीएसएम-५ या मानसिक विकारांच्या निदान-पुस्तिकेनुसार लक्ष न लागण्याच्या किंवा चंचलतेच्या नऊपैकी किमान सहा खुणा, सहा महिने, वयाच्या मानाने जास्त, घर आणि शाळा अशा किमान दोन ठिकाणी, आणि सुरुवात १२ वर्षांच्या आत. फक्त वाचनाच्या तासाला चुळबुळ करणारं मूल बाकी सगळीकडे शांत असेल, तर आधी वाचन तपासा.

लक्ष नाही असं वाटायला लावणारी इतर कारणंही आहेत. ६ ते १२ वयात ९ ते १२ तास झोप लागते. मूल रोज घोरत असेल तर झोप पुरेशी दिसली तरी मोडलेली असू शकते. कानाच्या पडद्यामागे पाणी साचलं की ऐकू कमी येतं आणि ‘सांगितलेलं करत नाही’ अशी तक्रार सुरू होते. आणखी एक सहज सुटणारी गोष्ट: मूल बोलता बोलता पाच-दहा सेकंद थिजतं, पापण्या फडफडतात, खांद्याला हात लावला तरी कळत नाही, आणि मग काही झालंच नाही असं पुढे चालू. दिवास्वप्नातलं मूल हात लावल्यावर भानावर येतं. हे येत नाही. ही एका प्रकारची फिट असू शकते. व्हिडिओ काढा आणि डॉक्टरांना दाखवा.

‘दहा वेळा लिहून घ्या.’ यात नेमकं काय होतं ते वही पाहून कळतं. ‘कमळ’ दहा वेळा लिहायला सांगितलं की मूल आधी वरपासून खालपर्यंत दहा ‘क’ काढतं, मग दहा ‘म’, मग दहा ‘ळ’. पान भरतं, पण शब्द एकदाही वाचला जात नाही. डिस्लेक्सियात अडतं ते बहुतेकदा आवाज सुटा करून अक्षराशी जोडण्यात, आणि नक्कल करण्यात आवाजाचं कामच नसतं.

घरी अंदाज घ्यायचा तर मुलाच्या इयत्तेपेक्षा एक इयत्ता खालचा, न वाचलेला उतारा घ्या. मिनिटभर मोठ्याने वाचू द्या, चूक झाली तिथे फक्त खूण करा, सुधारू नका. मग तशाच पातळीचा दुसरा उतारा तुम्ही वाचून दाखवा आणि दोन्हींवर प्रश्न विचारा. ऐकून सगळं कळतं पण वाचून नाही, तर अडचण अक्षर उलगडण्यात. ऐकूनही कळत नसेल तर भाषा आणि कान तपासायला हवेत. शेवटी ‘घेमटू’, ‘लापुणी’, ‘सिंदोफ’ असे निरर्थक शब्द वाचायला द्या. पाठांतरावर तगलेलं हुशार मूल इथे उघडं पडतं. ‘कोकिळा’चं ‘ककळा’ होणं, जोडाक्षराशी थबकणं, ‘भ’-‘म’ची गल्लत दुसरी-तिसरीतही टिकून राहणं, याकडे लक्ष द्या. नुसत्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांवरून काही ठरवू नका, त्या मोठ्यांच्याही होतात. हा फक्त अंदाज आहे, निदान नव्हे.

सराव हवाच, पण वेगळा: रोज १५-२० मिनिटं, आवाज सुटे करणं, जोडणं, मग लिहिणं.

‘थांबा, येईल.’ मजकुरातला सर्वांत महागडा सल्ला हाच. अडखळणारं मूल कमी वाचतं, कमी वाचल्याने शब्द कमी होतात, आणि चौथीच्या सुमारास सगळेच विषय वाचून शिकायचे असतात. पहिली-दुसरीत जे थोडक्या मदतीत भागतं, ते तिथे भागत नाही. मदत सुरू करायला निदानाची वाट पाहायची गरज नाही.

‘शिक्का.’ इथे मजकुरात थोडं तथ्य आहे. वर्गातल्या वयाने सर्वांत लहान मुलांना एडीएचडीचं निदान जास्त होतं, हे अनेक देशांत दिसलंय. वयाचा कच्चेपणा आजार समजला जातो. पाच मिनिटांत भरलेल्या एका प्रश्नावलीवर दिलेलं निदान स्वीकारू नका. पण तपासणी टाळल्याने शिक्का टळत नाही. ‘आळशी’ हा शिक्का तपासणीशिवायच बसतो. अहवालात नुसतं नाव आणि बुद्ध्यांक असेल तर परत विचारा: वाचनाचा वेग, अचूकता, आकलन, लेखन आणि गणित वेगवेगळं मोजलं का? कान आणि डोळे आधी तपासले का? शिक्षकांकडून माहिती घेतली का? शिकवण्यात काय बदलायचं, आणि ते उपयोगी पडतंय की नाही हे किती महिन्यांनी पाहायचं?