सोमलाने ब्लड कॅन्सर बरा होतो? चिनी हॉस्पिटलच्या नावाने फिरणारा मजकूर तपासून पाहू

मजकूर साधारण असा असतो: ‘चीनच्या हार्बिन मेडिकल युनिव्हर्सिटीच्या हॉस्पिटलने सोमलाने ब्लड कॅन्सर बरा करून दाखवला. ९० टक्के रुग्ण बरे. केमोची गरज नाही. औषध कंपन्यांनी हे दडवलं. आपल्या रसशास्त्रात हे आधीपासून आहे, तेव्हा सोमलाचं भस्म रोज तांदळाच्या दाण्याएवढं मधातून घ्या.’ यातलं हॉस्पिटल खरं आहे, सोमल (म्हणजे आर्सेनिक ट्रायऑक्साइड) हाही खरा आणि यशही खरं. गफलत बाकीच्यात आहे, म्हणून एकेक विधान घेऊ.

‘ब्लड कॅन्सर बरा होतो’

कुठला ब्लड कॅन्सर? १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला हार्बिनच्या डॉ. झांग टिंगडोंग आणि सहकाऱ्यांच्या हाती खेड्यातला एक उपाय आला. त्यात सोमल, पाऱ्याचा क्लोराइड आणि भेकाचं विष असं तिन्ही होतं. विषाने रक्तदाब चढायचा, पाऱ्याने मूत्रपिंडं बिघडायची. काम करत होता तो सोमल. मग त्यांनी त्याचं इंजेक्शन बनवून रक्ताच्या निरनिराळ्या कॅन्सरमध्ये वापरून पाहिलं. ठळक गुण आला तो एकाच प्रकारात: अ‍ॅक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया, म्हणजे एपीएल. जुन्या रिपोर्टांवर तो ‘एम ३’ असा लिहिलेला सापडेल.

कारण नेमकं आहे. एपीएलमध्ये १५ आणि १७ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होतात आणि पीएमएल-रारा नावाचं जोडप्रथिन तयार होतं. ते पांढऱ्या पेशींना अर्धवट वयातच अडकवून ठेवतं. आर्सेनिक या प्रथिनाच्या पीएमएल भागातल्या सिस्टीन अमिनो आम्लांना चिकटतं आणि मग पेशीच ते प्रथिन मोडीत काढते. ज्या कॅन्सरमध्ये हे प्रथिनच नाही, तिथे हा परिणाम व्हायला जागाच नाही. मायलोमा, लिम्फोमा, सीएमएल, लहान मुलांचा एएलएल या सगळ्यांना एका माळेत ओवून ‘ब्लड कॅन्सर’ म्हणणं ही या मजकुराची सगळ्यात महागात पडणारी चूक.

‘९० टक्के’

हा आकडा बहुधा शांघायच्या रुईजिन हॉस्पिटलच्या १९९७ च्या शोधनिबंधावरून आला असावा. रोग उलटलेल्या १५ एपीएल रुग्णांपैकी १४ जणांत पूर्ण रेमिशन मिळालं. रेमिशन म्हणजे बोनमॅरोत रोग दिसत नाही; ‘बरा झाला’ हे त्यानंतरच्या काही वर्षांनी आणि पीएमएल-राराची पीसीआर तपासणी निगेटिव्ह राहिल्यावर बोलायचं. पुढे २०१३ साली इटली-जर्मनीच्या चाचणीत आर्सेनिक आणि एट्रा (अ जीवनसत्त्वाच्या कुळातलं औषध, तेही रुईजिनच्याच डॉ. वांग झेनयी यांनी एपीएलमध्ये रूढ केलेलं) ही जोडी वापरली. दोन वर्षांनी रोगमुक्त राहिलेले ९७ टक्के, तर एट्रा-केमो गटात ८६. आकडा भारीच आहे, पण तो कमी आणि मध्यम धोक्याच्या रुग्णांचा आहे.

‘केमोची गरज नाही’

याच रुग्णांपुरतं हे खरं, आणि ते कबूल करायला हरकत नाही. पण पांढऱ्या पेशी १०,००० च्या वर असतील तर सहसा अँथ्रासायक्लिनसारखं केमोचं औषध जोडावं लागतं.

‘दडवलं’

कुणी? १९९८ मध्ये अमेरिकेत चाचणी छापून आली आणि २००० साली तिथल्या एफडीएने, म्हणजे औषधांना परवानगी देणाऱ्या सरकारी संस्थेने, मान्यता दिली. भारतात वेल्लोरच्या सीएमसी (ख्रिश्चन मेडिकल कॉलेज) हॉस्पिटलने २००६ मध्ये ७२ नव्या रुग्णांचे निकाल छापले: फक्त आर्सेनिक देऊन सुमारे ८६ टक्के रेमिशन. हे रहस्य असेल तर फार बोलघेवडं रहस्य आहे.

‘भस्म घरी घ्या’

इथे थांबून नीट पाहू. वॉर्डात डोस असतो रोज किलोमागे ०.१५ मिलिग्रॅम. ६० किलोच्या माणसाला ९ मिलिग्रॅम, १०० ते २५० मिली सलाइन किंवा ५ टक्के डेक्स्ट्रोजमधून, एक-दोन तासांत शिरेतून. बाटली मिलीला १ मिलिग्रॅमची की २ ची हे बघितलं नाही तर डोस दुप्पट होतो, म्हणून दोन नर्स मिळून तपासतात. शुद्ध सोमलाचा तांदळाएवढा खडा ५० मिलिग्रॅमच्या आसपास भरतो, आणि ७० ते २०० मिलिग्रॅम पोटात गेलं तर माणूस दगावू शकतो. भस्मात त्यातलं किती उरलं आहे, हे पुडीवर लिहिलेलं नसतं.

योग्य डोसही बिनधोक नसतो. आर्सेनिकने ईसीजीतला क्यूटी (ठोक्यानंतर हृदय पूर्ववत व्हायला लागणारा वेळ) लांबतो आणि हृदयाची लय बिघडू शकते. म्हणून क्यूटीसी (नाडीच्या वेगानुसार दुरुस्त केलेला क्यूटी) ५०० मिलिसेकंदांच्या वर गेला की औषध थांबवतात, पोटॅशियम ४ च्या वर आणि मॅग्नेशियम १.८ च्या वर आणतात. उलटी-जुलाबांनी पोटॅशियम उतरतं. वर उलटीसाठी ऑन्डान्सेट्रॉन, खोकल्याला अझिथ्रोमायसिन दिलं की क्यूटी आणखी ताणला जातो. घरच्या घरी हे कोण मोजणार?

दुसरा धोका डिफरन्शिएशन सिंड्रोमचा. अडकलेल्या पेशी एकदम पक्व होऊ लागल्या की ताप, धाप, पायावर सूज, काही दिवसांत पाच किलो वजनवाढ, छातीत पाणी. शंका आली तरी डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड १० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा सुरू करतात, एक्स-रेच्या रिपोर्टची वाट बघत नाहीत. म्हणून रोज सकाळी वजन करायचं.

शिवाय एपीएलमध्ये सुरुवातीचे मृत्यू बहुतेक रक्तस्रावाने, विशेषतः मेंदूतल्या, होतात. हिरड्यांतून रक्त, अंगावर निळे डाग, प्लेटलेट आणि फायब्रिनोजेन (रक्त गोठवणारं प्रथिन) उतरलेलं, स्मिअरमध्ये (काचपट्टीवरच्या रक्तात) संशयास्पद पेशी, एवढ्यावरच एट्रा त्याच दिवशी सुरू करायचं असतं. जनुकीय रिपोर्ट मागाहून येतो. प्लेटलेट ३० ते ५० हजारांच्या वर ठेवाव्या लागतात. भस्मावर घालवलेला आठवडा या रोगात परत मिळत नाही.

‘आपल्या रसशास्त्रात आहे’

आयुर्वेदाच्या या शाखेत सोमल आणि हरताळ, मनशीळ ही आर्सेनिकची खनिजं आहेतच. चीनमध्येही मनशिळेपासून केलेली तोंडाने घ्यायची गोळी एपीएलला देतात आणि ती चाचणीत टिकली आहे. पण ती ठरलेल्या प्रमाणाची, एपीएलचं निदान पक्कं झालेल्याला, एट्रासोबत आणि तपासण्यांसकट दिली जाते. ग्रंथात पदार्थाचं नाव असणं वेगळं, आणि कुठल्या रोगात, किती, किती दिवस हे मोजून ठरवणं वेगळं. हार्बिन आणि शांघायचं श्रेय या दुसऱ्या कामाचं आहे.

कुणी असं भस्म आधीच घेतलं असेल तर ते थांबवून पुडी सोबत घेऊन डॉक्टरांकडे जावं आणि काय, किती दिवस घेतलं ते सांगावं. लघवीतलं आर्सेनिक क्रिएटिनिनसह मोजतात. कोकण-गोव्याकडच्या मंडळींनी एक लक्षात ठेवावं: मासळी, कोळंबी, तिसऱ्या खाल्ल्या असतील तर त्यांतलं निरुपद्रवी आर्सेनिक एकूण आकडा फुगवतं. नमुना देण्याआधी तीन-चार दिवस मासळी बंद ठेवावी. तेवढं थांबणं शक्य नसेल तर नमुना लगेच द्यावा आणि लॅबला अकार्बनी आर्सेनिक वेगळं मोजायला सांगावं.