ओलुंगाच्या 8 गोलांविषयी खुलासा
केनियाचा फुटबॉल आघाडीपटू मायकेल ओलुंगा याने जपानच्या अव्वल श्रेणीत एकाच सामन्यात 8 गोल केले, असा मजकूर फिरत आहे; खातरजमा न करता मीही तो पुढे पाठवला, याबद्दल मनापासून दिलगीर आहे. गोल 8 हेच खरे, परंतु त्याच्या काशिवा रेसोल संघाने क्योतो सांगा संघाला 13-1 असे हरवलेला तो सामना 24 नोव्हेंबर 2019 रोजी दुसऱ्या श्रेणीत, म्हणजे जे-2 लीगमध्ये झाला, कारण काशिवा संघ 2018 अखेरीस खाली घसरला होता, हे लीगच्या गुणतक्त्यांतच दिसते. अव्वल श्रेणीत त्याने 2020 मध्ये 28 गोल करून सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार मिळवला, आणि माझ्या मते तोच पराक्रम अधिक मोठा. कृपया जुना मजकूर पुढे पाठवू नये.