रविवारच्या मटणानं सोमवारचा काटा हलत नाही

गेल्या दीड महिन्यात एकच निरोप मला पाच जणांनी पाठवला. निपाणीचे भाऊजी, वडगावची पुतणी, जिमला जाणारा शेजारचा पोरगा, आणि आमच्या फाउंड्रीतले दोघे. मजकूर थोडक्यात असा:

"वजन उतरता उतरता अडकलं? घाबरू नका. कमी खाऊन खाऊन तुमचं शरीर बचतीवर गेलंय. आठवड्यातून एक दिवस मनसोक्त खा. लेप्टिन वाढेल, मेटाबॉलिझम पेटेल आणि दुसऱ्या दिवसापासून काटा परत उतरायला लागेल. मोठमोठे बॉडीबिल्डर हेच करतात."

मी डॉक्टर नाही. बेळगावच्या उद्यमबागेत एका फाउंड्रीत हिशेब लिहितो. पण हा प्रयोग मी स्वतःवर सहा रविवार केलाय आणि त्याच्या नोंदी ठेवल्यात. शिवाय निरोपातल्या वाक्यावाक्यामागं काय आहे ते शोधून वाचलंय. गंमत म्हणजे यातलं एकही वाक्य निव्वळ थाप नाही. प्रत्येकात चिमूटभर खरं आहे, म्हणून तर हा निरोप इतका फिरतो.

पहिलं वाक्य घेऊ, शरीर बचतीवर जातं हे. जातं, पण किती? मी सात महिन्यांत 94 वरून 83 किलोवर आलो. हलक्या शरीराला दिवसभर वागवायला कमी इंधन लागतं, हे रिकामा आणि भरलेला ट्रॅक्टर बघितलेल्या कुणालाही पटेल. साधारण हिशेब असा की उतरलेल्या प्रत्येक किलोमागं दिवसाचा खर्च 20 ते 30 कॅलरींनी कमी होतो. म्हणजे माझ्या 11 किलोंमागं सव्वादोनशे ते सव्वातीनशे कॅलरी गेल्या. उलट भूक मात्र किलोमागं दिवसाला शंभरेक कॅलरींनी वाढते. खर्च घटला आणि मागणी वाढली. सुरुवातीला जी चारशे-पाचशे कॅलरींची तूट होती ती या दोघांनी मिळून खाऊन टाकली आणि मी 83 वर येऊन बसलो. शरीरानं रुसून कुलूप वगैरे लावलं नव्हतं.

"फारच कमी खाल्लं म्हणून वजन उतरायचंच थांबलं" असं म्हणणाऱ्यांनी 1944-45 सालचा मिनेसोटाचा प्रयोग जरूर वाचावा. ॲन्सल कीज या शास्त्रज्ञानं 36 धडधाकट तरुणांना 24 आठवडे अर्धपोटी ठेवलं होतं, रोज जेमतेम दीड हजार कॅलरींच्या आसपास, वर आठवड्याला मैलोन् मैल चालणं. त्यांच्या शरीरानं केली तितकी बचत आपल्यापैकी कुणाच्याच शरीरानं कधी केली नसेल. तरीही त्यांचं वजन जवळजवळ चौथाईनं उतरलं. उतरण्याचा वेग शेवटी मंदावला, हे खरं. पण मनसोक्त जेवायला घालून तो वाढवावा असं तिथं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

आता लेप्टिन. या शब्दामुळं निरोपाला वजन येतं (काट्यावरचं नव्हे). 1994 साली सापडलेलं हे संप्रेरक चरबीच्या पेशी सोडतात आणि साठा पुरेसा आहे अशी वर्दी मेंदूला देतात. कमी खाल्लं की लेप्टिन घटतं, भूक खवळते. जास्त खाल्लं की वाढतं, हेही खरं. इथपर्यंत निरोपवाला बरोबर आहे. मग फसतो कुठं? तर रकमेत.

2000 साली प्रसिद्ध झालेला स्वित्झर्लंडचा एक अभ्यास या दाव्याच्या मुळाशी नेहमी सांगितला जातो. दहा निरोगी, सडपातळ बायकांना तीन दिवस गरजेपेक्षा 40 टक्के जास्त खायला दिलं. एकदा पिठूळ-गोड पदार्थांतून, एकदा तेला-तुपातून. पिठूळ पदार्थांनी लेप्टिन 28 टक्क्यांनी वाढलं आणि दिवसाचा खर्च 7 टक्क्यांनी. तेला-तुपानं दोन्हींत म्हणावा असा फरक पडला नाही. आता हे आकडे खतावणीत मांडा. समजा दिवसाचा खर्च 2000. जमेला आल्या जादा 800 कॅलरी. "पेटलेल्या" मेटाबॉलिझमनं, म्हणजे शरीराच्या कॅलरी जाळण्यानं, खर्ची टाकल्या 140. शिल्लक 660, त्याही पोटावर. असा व्यवहार मी मालकांपुढं फायदा म्हणून मांडला तर ते मला त्याच दिवशी घरी पाठवतील.

आणि आपलं मनसोक्त जेवण म्हणजे काय असतं? तांबड्या रश्श्यावरची तर्री, सुकं मटण, वर कुंदा, म्हणजे आमच्याकडची आटवलेल्या दुधाची मिठाई. म्हणजे ज्या तेला-तुपानं लेप्टिनला ढिम्म फरक पडला नाही, नेमकं तेच. शिवाय लेप्टिन वाढलं तरी ते तिथं मुक्काम करत नाही. सोमवारपासून परत तुटीत गेलात की परत खाली. एका जेवणानं महिन्याभराची भूक शमवायची त्याची ताकद नाही.

"दुसऱ्या दिवसापासून काटा उतरतो." हा दावा मला सगळ्यात जास्त भोवला, कारण तो डोळ्यांना खरा दिसतो. माझ्या वहीतून एक आठवडा उतरवतो. रविवारी सकाळी 83.1. दाबून जेवलो. सोमवारी 84.7. मंगळवारी 84.2, बुधवारी 83.6, शुक्रवारी 83.0. व्हॅक्सिन डेपोच्या मैदानात फिरताना सोबत्यांनी विचारलं, "काय वो अण्णा, काटा हलला काय?" मी छाती फुगवून सांगितलं, चार दिवसांत पावणेदोन किलो! खरं तर ते पावणेदोन किलो मीच रविवारी चढवले होते.

चढलं ते पाणी, उतरलं तेही पाणी. भात, भाकरी, साखर यांचा काही भाग शरीर स्नायूंत आणि यकृतात ग्लायकोजन म्हणून साठवतं, आणि त्याच्या एका ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवतं. रश्श्यातलं, लोणच्या-पापडातलं मीठ आणखी पाणी अडवतं. पोटातलं अन्न आहेच. उलट बाजूनं बघा, एक किलो चरबी म्हणजे साधारण 7700 कॅलरी. एका जेवणानं दीड किलो चरबी चढू शकत नाही, तशी ती चार दिवसांत जाऊही शकत नाही. बायकांच्या बाबतीत पाळीच्या आधी पाणी साठतं, त्यामुळं काटा आठवडाभर खोटं बोलू शकतो. पुतणीला मी एवढंच सांगितलं की रोज सकाळी त्याच वेळी वजन कर, सात दिवसांची सरासरी काढ, आणि ती सरासरी निदान चार आठवडे हलली नाही तरच अडकलं म्हण. तिचं अडकलेलंच नव्हतं. महिन्याला पाऊण किलो उतरत होतं, पाण्याखाली दिसत नव्हतं एवढंच.

सहा रविवारांनंतर माझी सरासरी 83.1 वरून 83.4 झाली होती.

का झाली, ते "मनसोक्त" या शब्दात आहे. सोमवार ते शनिवार रोज 400 कॅलरींची तूट धरली तर आठवड्याला 2400 जमतात. आता माझा एक रविवार: सकाळी लोणी डोसा दोन, दुपारी मटण-भाकरी-भात आणि वर परत थोडा भात, चार वाजता चिरमुऱ्यांचा भडंग, शेंगदाणे जरा जास्तच, संध्याकाळी कुंदा, रात्री उरलेला रस्सा, तो टाकवत नाही म्हणून. एका मोठ्या चमचाभर तेलात सव्वाशे कॅलरी असतात, मूठभर शेंगदाण्यात पावणेदोनशे. नेहमीच्या जेवणावर दोन-अडीच हजार चढायला वेळ लागत नाही. सहा दिवसांची कमाई एका दिवसात उडवायची आणि वर विचारायचं, पैसा टिकत का नाही!

बरं, माझी 400 ची तूट तरी खरी होती का? 1992 साली न्यूयॉर्कमधल्या संशोधकांनी अशा दहा जणांना तपासलं, जे शपथेवर सांगत होते की आम्ही बाराशे कॅलरींच्या आत खातो तरी वजन उतरत नाही. त्यांचा मेटाबॉलिझम व्यवस्थित निघाला. खाणं मात्र ते सरासरी 47 टक्के कमी सांगत होते आणि व्यायाम 51 टक्के जास्त. खोटं बोलत नव्हते, त्यांना तसंच वाटत होतं. हे वाचून मी आठवडाभर स्वयंपाकघरातला काटा घेऊन बसलो. बायकोनं आधी हसून घेतलं, मग मदत केली. भाकरी मी पन्नास ग्रॅम पिठाची धरत होतो, निघाली ऐंशीची. शेंगदाण्याची चटणी मी कधी लिहीतच नव्हतो, चटणी काय लिहायची! आणि कंपनीतले चार चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर. एवढ्यात दिवसाला साडेतीनशेवर सापडल्या. काटा अडकण्याचं कारण लेप्टिनसारख्या संप्रेरकात शोधत होतो, ते चटणीच्या बरणीत होतं.

बॉडीबिल्डरांचं म्हणाल तर ते करतात ते वेगळंच आहे. स्पर्धेच्या तोंडावर अंगावर चरबी जवळपास उरलेली नसते, रोजचा व्यायाम जबर असतो, आणि जादा खायचं ते मोजून, मुख्यतः भात-बटाट्यासारखं, तेल जवळजवळ शून्य. त्यांना त्यातून दुसऱ्या दिवशीच्या व्यायामाला ताकद मिळते. खडेबाजारात उभं राहून मिठाई खाण्याशी त्याचा संबंध नाही.

इथं निरोपवाल्याला त्याचा हक्काचा वाटा द्यायला हवा. ठरवून, अधूनमधून जास्त खाण्याचा उपयोग होतो असं दाखवणारे अभ्यास आहेत. ऑस्ट्रेलियात 51 लठ्ठ पुरुषांवर झालेल्या एका अभ्यासात एका गटानं सलग 16 आठवडे कमी खाल्लं. दुसऱ्या गटानं तेवढेच आठवडे, पण दोन आठवडे तूट, दोन आठवडे सुट्टी, असं केलं. सुट्टीवाल्यांचं वजन सरासरी 14.1 किलोंनी उतरलं, सलगवाल्यांचं 9.1. भाऊजींनी हाच आकडा माझ्या तोंडावर मारला होता. पण त्या सुट्टीत माणसं मनसोक्त खात नव्हती. जेवढा खर्च तेवढंच मोजून खात होती, बरोबरीचं. आणि त्यांना या सगळ्याला 16 नव्हे, 30 आठवडे लागले. पुढं 2021 साली व्यायाम करणाऱ्या 61 स्त्री-पुरुषांवर असाच प्रयोग झाला, तीन आठवडे तूट आणि एक आठवडा बरोबरी. चरबी दोन्ही गटांत सारखीच उतरली. सुट्टीवाल्यांना भूक कमी लागली, एवढाच फायदा.

माझ्या मते हा फायदा छोटा नाही. आपण सोडून देतो ते मेटाबॉलिझम विझला म्हणून नाही, कंटाळा आला म्हणून. तेव्हा जास्तीचं जेवण ठेवावं, पण भट्टीत इंधन म्हणून नव्हे, सुट्टी म्हणून. आणि सुट्टीसुद्धा हजेरीपटावर मांडलेली. मी आता आठवड्यातून एका दिवशी तूट शून्य करतो. चारशे जादा कॅलरी, त्यात मटण-भाकरी आणि वाटीभर भात सुखानं बसतो, कुंदा चमचाभर. बाकीच्या सहा दिवसांची तूट शाबूत राहते. आणि 94 किलोच्या माणसाचा जेवणाचा हिशेब फाडून 83 किलोच्या माणसाचा नव्यानं मांडला. चहातली साखर गेली, चटणी वहीत आली, ताटात उसळ आणि ताक वाढलं, आठवड्यातून दोनदा वजनं उचलतो. दोन महिन्यांत सरासरी 81.2 वर आहे.

एका गोष्टीबद्दल मात्र मला त्या निरोपाचा राग येतो. तो सरसकट सगळ्यांना जातो. फाउंड्रीतल्या ज्या सहकाऱ्यानं मला तो पाठवला त्याला साखरेचा त्रास आहे, इन्सुलिन घेतो. सहा दिवस कमी आणि सातव्या दिवशी पोटभर गोड, या चढउतारात त्याची साखर एकदा खाली कोसळेल आणि एकदा आभाळाला टेकेल. त्यानं औषधाचा डोस बघणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवणाचं वेळापत्रक हलवूच नये. ज्यांना एकदा सुरू केलं की थांबता येत नाही आणि मग दोन दिवस स्वतःला उपाशी ठेवून शिक्षा करायची सवय आहे, त्यांच्यासाठीही मनसोक्त दिवस ही वाईट कल्पना आहे.

राहता राहिला आपल्या भागातला खरा प्रश्न, ज्याचा त्या निरोपात पत्ताच नाही. तो लिहिणाऱ्याचे सहा दिवस बहुतेक शांत जात असावेत. इथं रविवार धरून एक दिवस ठरवावा तर मंगळवारी खानापूरच्या पाहुण्यांकडं बारसं, शुक्रवारी लग्नाचं जेवण, आणि यात्रांचे दिवस आले की एका गावाहून दुसऱ्या गावाला नुसतं जेवायला जाणं. दारात पाऊल टाकायच्या आत एकीकडून "जेवा की वो" आणि दुसरीकडून कन्नडात "ऊटा आतरी?", म्हणजे जेवण झालं का. नाही म्हटलं तर वर्षभर ऐकून घ्यावं लागतं. म्हणजे मनसोक्त दिवस आपल्याला आधीच मिळालेले आहेत, ते फक्त वहीत नसतात. मी आता महिन्याच्या सुरुवातीला कालनिर्णयावर बारसं, लग्न, यात्रा अशा तारखांभोवती गोल करतो. त्या आठवड्यातली ठरलेली सुट्टी तीच, रविवारची वेगळी नाही. यात्रेच्या पंगतीत रस्सा-भाकरी पोटभर खातो, दुसऱ्यांदा भात घेत नाही, आणि पुढचे तीन दिवस काट्यावर उभा राहत नाही.